दार नसलेल्या ऑफिसातले मुनीर वकील

मुनीर वकिलांच्या ऑफिसाला दार नव्हतं. चौकट होती, बिजागऱ्या होत्या, बिजागऱ्यांना दर दिवाळीच्या आसपास रंगही मिळायचा, पण दार नव्हतं. कोर्टाच्या मागच्या गल्लीत, स्टॅम्पवाल्याला लागून दहा बाय दहाची खोली. चौकटीला निळा पडदा, तोही अर्धाच, खालून आत बसलेल्यांच्या चपला दिसतील एवढा. कोणी विचारलं, "साहेब, दार कुठं गेलं?" तर म्हणायचे, "काढून ठेवलं. माझ्याकडं येणारा माणूस आधीच कोणाच्या तरी दारातून आत गेला म्हणून येऊन राह्यला. त्याले आणखी एक दार काऊन दाखवा?"

आणि हाच माणूस दुसऱ्याच्या दारात मात्र विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही. घर असो, हॉटेल असो, न्हाव्याचं दुकान असो. आमच्या कृषी केंद्रात मी चौदा वर्षं दिवाणजी होतो. मुनीर वकिलांची नदीकाठी अर्ध्या एकराची वांग्याची वाडी होती, त्यामुळे बी नाहीतर औषध घ्यायला ते शुक्रवारी नमाज झाल्यावर यायचे. सायकल लावायची, पायरीच्या खाली उभं राहायचं आणि म्हणायचं, "सुधाकरभाऊ, येऊ का?"

अहो, दुकान ते. लोक एकमेकांच्या पायावर पाय देत आत घुसतात तिथं. पण मी "या" म्हणेपर्यंत ते पायरी चढायचे नाहीत. मला त्यात गंमत वाटायची. मी मुद्दाम पावती लिहीत बसायचो, मान वर करायचो नाही. दोन मिनिटं, पाच मिनिटं. ते आपले उन्हात काळा कोट घालून उभे. गिऱ्हाइकं हसायची. शेवटी मी म्हणायचो, "अरे, वकीलसाहेब कवाचे उभे? या, या." ते पायरी चढायचे आणि जराही न रागावता वांग्याच्या बियांचा भाव विचारायचे. माझ्या त्या थट्टेबद्दल पुढे मला जे वाटलं, ते हसण्यासारखं नाही.

ते पिंजाऱ्याच्या घरातले. वडील धनुकली खांद्यावर टाकून गावोगाव गाद्या पिंजत फिरायचे. गावात एक गोष्ट सांगत, की कुणा पाटलाच्या घरी पिंजण करताना चांदीचा तांब्या हरवला, म्हाताऱ्याला बांधून मारलं, आणि तांब्या नंतर घरातच सापडला. म्हणून मुलगा वकील झाला आणि म्हणून कोणाच्या दारात पाय टाकत नाही. मी एकदा त्यांना ते विचारलं. ते नाक पुसत म्हणाले, "गोष्ट चांगली हाय, सुधाकरभाऊ, पण खोटी. अब्बाले कोनी बोटही लावलं नाही. ते फक्त पाय धुतल्याशिवाय कोनाच्या घरात जात नव्हते. पिंजलेला कापूस पायाले चिकटते, लोकाइच्या घरात कचरा होते. बस, एवढंच." नाक पुसत, कारण पिंजाऱ्याच्या या मुलाला कापूस सोसत नसे. कापसाच्या गाड्या जिनिंगकडं निघाल्या की दिवाळीपासून होळीपर्यंत शिंका. "खानदानाचा हिसाब माझ्या नाकावर निघाला," म्हणायचे.

त्यांच्याकडं यायचे ते बहुतेक एकाच जातीच्या केसेसवाले. घरात घुसला, शेतात घुसला, गोठ्यात घुसला. बीटी कपाशी आली आणि सगळ्यांची शेतं एकदम पांढरी झाली, तसे दोन-तीन हंगाम पैसा खेळला. मग हलक्या जमिनीतलं पीक बसलं, पानं लाल करणारा लाल्या रोग आला, घराघरांत माणसं एकमेकांवर गुरगुरायला लागली. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भावाभावात फिर्यादी. एकाने दुसऱ्याच्या कोठ्यातून मोटर उचलली, दुसऱ्यानं ती परत आणायला कुंपण ओलांडलं, की दोघंही मुनीर वकिलांच्या पडद्याखाली चपला काढून हजर.

ते प्रत्येकाला तीनच सवाल विचारायचे. कोनाची जागा? कशाले गेला? आत जाताना काय मोडलं? एकदा मी वाडीच्या औषधाचं बिल द्यायला गेलो, तर कांताबाई नावाची एक माळीण समोर रडत बसलेली. दिराच्या घरात घुसून भांडी चोरली म्हणून तिच्यावर केस. मुनीर वकील म्हणाले, "बाई, उठा. बाहेर जा." ती घाबरली, पडद्याबाहेर गेली. "आता आत या." ती आली. "कशाले आल्या?"

"तुमीच बोलावलं ना बापा."

"बस. आता कोर्टात हेच सांगायचं. घर सासऱ्याचं, वाटणी झाली नाही, म्हणजे जागा तुमचीही. भांडे तुमच्या रुखवतातले. दार उघडं होतं. आत जानं गुन्हा नाही, बाई. कशाले गेला, त्याच्यात गुन्हा असते. चोरी कराले गेला तर कायदा वेगळा, भांडाले गेला तर वेगळा, कुलूप तोडून गेला तर आणखी वेगळा. पोलीस सगळ्याइले एकच मोठं कलम लावते, कारन मोठं लिहाले वेळ तेवढाच लागते."

तिनं पदराच्या गाठीतून काही काढलं. त्यांनी हातानंच थांबवलं आणि एक छापील फॉर्म पुढं केला. "पैसे नाहीत म्हनून वकील नाही, असं नसते. कोर्टाले अर्ज करा, सरकार वकील देते. माझंच नाव देतील असं नाही. पन कोनी तरी तुमच्या बाजूनं उभं राहीन." असं म्हणून आपली फी आपल्याच हातानं घालवणारा दुसरा वकील मी पाहिला नाही. कोर्टाच्या बारमधले वकील त्यांना येडा म्हणायचे. कांताबाई सुटल्या. पुढे कित्येक वर्षं त्यांच्या वाडीवरची कोथिंबीर ऑफिसाच्या चौकटीवर लटकलेली असायची, आणि ती कोणी ठेवली हे कांताबाईंना कधीच माहीत नसायचं.

दुसरी त्यांची खोड म्हणजे बाजाराच्या दिवशी, ओळख असो नसो, माणसाला थांबवून सांगायचं: "पोलिसानं बोलावलं तर जाजा. नाव सांगजा, पत्ता सांगजा. बाकी म्हनजा, वकील येऊन राह्यले. आन् वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका. वाचता येत नसन तर वाचून घेतल्याशिवाय करू नका." हे ते मलाही सांगायचे. मला, सुधाकर दिवाणजीला. मी हसायचो. मला वाचता येत होतं ना.

आता माझं सांगतो.

आमच्या पेठेत एक पद्धत होती. पोलिसांना पंच लागले की हवालदार दुकानादुकानातून लिहिता-वाचता येणारी दोन माणसं गाठायचा. त्यात माझं नाव पहिलं. पंचनामा चहाच्या टपरीवर बसून आधीच लिहून झालेला असायचा. कागद काउंटरवर यायचा, मी गल्ला न सोडता सही ठोकायचो. कुठं काय घडलं, कोणत्या भिंतीला भगदाड पडलं, मी काही पाहायचो नाही. माझी सही वळणदार. हवालदार म्हणायचा, "सुधाकरभाऊची सही असली की कागदाले शोभा येते." मला बरं वाटायचं. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, बरं वाटायचं.

दुकानाच्या ओट्यावर बळीराम मिस्त्री बसायचा. फवारणीचे पंप दुरुस्त करणारा. बीटी आली तेव्हा सगळे म्हणाले, आता फवारणी संपली, बळीराम उपाशी मरणार. बळीराम म्हणाला, "बोंडअळी जाईन, तुडतुडे कुठं जातीन?" आणि तसंच झालं, पंप काही थांबले नाहीत. त्याची एक लोखंडी पेटी होती, निळी, झाकणावर खिळ्यानं कोरलेलं बळीराम. आत पाने, पक्कड, वॉशर, नोझल, त्याच्या बापाच्या वेळचा एक हातोडा. संध्याकाळी ती पेटी तो आमच्या गोडाऊनात ठेवून जायचा. गोडाऊन दुकानाच्या बाजूच्या अंगणात; पायरीवरून त्याचं दार सरळ दिसायचं. दाराला पितळी कुलूप. दुकानाला रंग दिला तेव्हा त्यावर हिरव्या ऑइलपेंटचा मोठा ठिपका पडला होता. दिवसभर ते कुलूप कडीत नुसतंच अडकवलेलं असायचं. दुपारी जेवायला जाताना ते लावायचं काम माझं, आणि मी ते कधीच लावत नसे. कंटाळा.

ज्या वर्षी बियाण्याचा तुटवडा झाला, त्या वर्षी लोक सकाळपासून दुकानासमोर रांगेत उभे. शेठ काउंटरवरून सांगायचे, माल संपला. शेठचं नाव लिहीत नाही. दुकान अजून चालू आहे. माल संपला नव्हता. तो मागच्या दारानं, जास्त भावानं जात होता, हे मला माहीत होतं आणि ओट्यावर बसून बळीरामलाही दिसत होतं. फरक एवढाच की मी गप्प होतो आणि बळीराम बोलला. भर रांगेत मोठ्यानं बोलला. शेठनं त्याला तिथल्या तिथं ओट्यावरून उठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद असताना बळीराम आला. कडीतून नुसतं अडकवलेलं कुलूप काढलं, आपली पेटी उचलली, कुलूप परत अडकवलं आणि गेला. समोरच्या सायकलवाल्यानं त्याला पेटी घेऊन जाताना पाहिलं. त्याच संध्याकाळी कृषी खात्याचे लोक साठा तपासायला आले. बियाण्याच्या पाकिटांच्या दोन पेट्या कमी. शेठनं क्षणाचा वेळ न लावता सांगितलं, चोरी झाली, बळीरामनं कुलूप तोडलं.

तासाभरात हवालदार कागद घेऊन आला. मी सही केली. वर काय लिहिलंय ते वाचलं नाही असंही म्हणता येत नाही, कारण त्या दिवशी पहिल्यांदाच मी वाचलं. गोडाऊनच्या दाराचं कुलूप तुटून फरशीवर पडलेलं आढळलं. वाचलं, आणि तरी सही केली. मग उठलो, तेच हिरव्या ठिपक्याचं धडधाकट कुलूप गोडाऊनला लावलं आणि घरी गेलो. शेठनं जाताना म्हटलं, "उद्यापासून दुसरं लाव. हे सकाळी काढून घेऊन जा घरी, टाकून दे कुठं तरी."

मी टाकलं नाही. चांगलं पितळी कुलूप कोण टाकतं? घरच्या फाटकाशी लाकडं ठेवायची खोली होती, तिच्या दाराला लावलं.

बळीरामला घरफोडी आणि चोरी अशी दोन्ही कलमं लागली. घरात पाकिटं सापडली नाहीत; सापडली फक्त पेटी. तर पोलिसांनी पेटीच जप्त केली, यातल्या पान्यानं कुलूप तोडलं म्हणून. मिस्त्रीची हत्यारं मुद्देमालात. बळीराम बारा दिवसांनी जामिनावर सुटला, पण हात रिकामे. मुनीर वकिलांनी पेटी परत मिळावी म्हणून दोनदा अर्ज केला, दोन्हीदा नामंजूर. त्यांनी केस सरकारी मदतीतून घेतली होती. मला वाटलं, आता ते दुकानात येणार नाहीत. शुक्रवारी सायकल लागली. "सुधाकरभाऊ, येऊ का?" मी या वेळी थट्टा केली नाही. लगेच "या" म्हणालो. ते पायरी चढताना गोडाऊनच्या दाराकडं पाहत होते. तिथं नवं स्टीलचं कुलूप होतं. वर्षानुवर्षं मी त्यांना पायरीखाली उभं ठेवलं होतं. त्या प्रत्येक वेळी ते दार आणि ते जुनं कुलूप त्यांच्या समोर होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं.

माझ्या साक्षीच्या दिवशी कोर्टाबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. मुनीर वकील आधी तीनदा शिंकले, रुमाल खिशात ठेवला आणि हळू आवाजात सुरुवात केली. कोर्टात ते कधीच आवाज चढवत नसत.

"पंचनामा कुठं झाला?"

"गोडाऊनात."

"तुम्ही उभे होते का बसून?"

"उभा होतो."

"कुलूप कुठं पडलेलं होतं?"

"फरशीवर."

"गोडाऊनात फरशी हाय?"

गोडाऊनात शेणानं सारवलेली भुई. फरशी कागदावर होती. म्हणालो, "म्हणजे जमिनीवर."

"रोज कुलूप तुम्हीच लावता?"

"हो."

"त्या कुलपावर हिरव्या रंगाचा ठिपका होता का?"

टेबलावर मुद्देमाल म्हणून एक गंजकं, तुटकं कुलूप ठेवलं होतं. कुठून आणलं होतं देव जाणे. त्यावर ठिपका नव्हता. मी शेठकडं पाहिलं नाही, बळीरामकडंही पाहिलं नाही. "आठवत नाही," म्हणालो.

"इतकी वर्षं रोज हातात घेतलेलं कुलूप, आन् आठवत नाही?"

"नाही आठवत."

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. रागानं नाही. एखादा हिशेबी माणूस चुकला की आपण कसं त्याच्याकडं थांबून पाहतो, की बाबा स्वतःच दुरुस्त करशील, तसं. मग म्हणाले, "आनखी काही विचारायचं नाही."

दोन आठवड्यांनी रविवारी सकाळी ते माझ्या घरी आले. फाटकाबाहेर सायकल लावली. मी खिडकीच्या आत होतो, लुंगीवर. "सुधाकरभाऊ, येऊ का?"

मी हललो नाही. माझी बायको शोभा अंगणात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "या ना भाऊ, हायेत घरीच."

"त्याहीले म्हनू द्या, वहिनी."

आणि ते उभे राहिले. दुकानासमोर राहायचे तसेच. फाटकापासून चार हातांवर लाकडांच्या खोलीचं दार, त्यावर पितळी कुलूप, आणि सकाळचं ऊन बरोबर त्या हिरव्या ठिपक्यावर. त्यांनी ते पाहिलं. मी त्यांना पाहताना पाहिलं. फाटकाला कडी नव्हती. ढकलून आत येऊन ते कुलूप हातात घेतलं असतं, तर बळीराम त्या आठवड्यात सुटला असता. त्यांनी फाटकाला हात लावला नाही. माझ्या तोंडून एक "या" निघायला किती जोर लागला असता? तेवढाही मी केला नाही. नोकरी जाईल, शेठ उभं करणार नाही, पोलीस म्हणतील खोटी सही केली; हे सगळं डोक्यात चाललं होतं. बळीराम त्यात कुठंच नव्हता.

बऱ्याच वेळानं ते शोभाला म्हणाले, पण मला ऐकू जाईल असं, "वहिनी, सुधाकरभाऊले सांगजा, साक्षीदाराले कोर्ट पुन्हा बोलावू शकते. अर्ज मी करतो. माणूस चुकते, दुरुस्त करता येते. बळीरामची पेटी तिकडं गंजून राह्यली." मग शिंकले आणि गेले.

शोभा आत आली. म्हणाली, "कुलपाचं काय हाय?" मी म्हणालो, "काही नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात जाताना वाटेतल्या पडक्या विहिरीत मी ते कुलूप टाकलं. संध्याकाळी पाहिलं तर लाकडांच्या खोलीची कडी शोभानं सुतळीनं बांधली होती. नवीन कुलूप आणायला तिनं कधी सांगितलं नाही.

मुनीर वकिलांनी अर्ज केलाच. साक्षीदाराच्या घरी ते कुलूप आहे, हजर करण्याचा हुकूम व्हावा. हुकूम झाला. मी कोर्टात उभा राहून सांगितलं, असं कुलूप माझ्याकडं नाही. ते तर खरंच होतं. त्यांनी विचारलं, "कधी होतं का?" मी म्हणालो, "नव्हतं."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. म्हणाले, "वकीलसाहेब, यापुढं साक्षीदारांच्या घरात डोकावत जाऊ नका."

साऱ्या बारसमोर. जो माणूस न्हाव्याच्या दुकानातही विचारून जायचा, त्याला. कोणी तरी मागून हसलं. मुनीर वकिलांचे कान लाल झाले. त्यांनी मान झुकवली आणि एवढंच म्हणाले, "जी."

बळीरामला एक वर्षाची शिक्षा झाली. अपिलात जामीन मिळेपर्यंत तो महिनाभर आत राहिला. बाहेर आला तेव्हा एसटी स्टँडच्या लिंबाखाली उसन्या पान्यावर बसून पाहिलं, पण पंप दुरुस्तीला देताना लोक आधी इकडंतिकडं पाहायचे. वॉचमनची नोकरी मागायला गेला तर घरफोडीची केस म्हटल्यावर कोण ठेवणार? शेवटी बायकामुलं घेऊन गुजरातकडं कुठं तरी गेला.

मुनीर वकील मात्र दर शुक्रवारी येतच राहिले. "सुधाकरभाऊ, येऊ का?" आवाज तोच, वांग्याचं बी तेच. मी सायकल दिसताच उठून "या" म्हणायचो. मला वाटायचं, त्यांनी एकदा तरी काही बोलावं, दुकानात चारचौघांत दोन शिव्या द्याव्यात. ते मावा पडलाय म्हणून औषध विचारायचे. मी पुडी बांधून द्यायचो.

अपील सहा वर्षांनी निकाली लागलं. जिल्ह्याच्या कोर्टानं बळीरामला निर्दोष सोडलं. पेटी त्याची स्वतःची, आपली वस्तू घ्यायला जाणं ही चोरी नाही, आणि पंच दुकानाचाच नोकर, त्याच्या सहीवर विसंबता येत नाही. हे सगळं मुनीर वकिलांनी पहिल्याच दिवशी खालच्या कोर्टात सांगितलं होतं. बळीरामपर्यंत निकाल पोहोचला नाही. त्याला टाकलेली पत्रं परत आली.

मी तोपर्यंत नोकरी सोडली होती. एका दुपारी मुनीर वकील घरासमोर आले. पार थकले होते, कोटाच्या बाह्यांना अस्तर दिसत होतं. सायकलच्या कॅरियरला सुतळीनं बांधलेली निळी पेटी. फाटकाबाहेर उभे राहून म्हणाले, "सुधाकरभाऊ, येऊ का?"

मी धावतच गेलो. "या, वकीलसाहेब, या. आत या."

ते आले. माझ्या घरात पहिल्यांदाच आले. पाणी प्याले. पेटी त्यांनी स्वतःच उचलून आणली आणि माझ्या पायाशी ठेवली. झाकणावरचं नाव गंजानं अर्धं खाल्लं होतं.

"बळीराम येईन तेव्हा येईन. तवरोक कुठं तरी ठेवा लागते. माझ्या ऑफिसाले दार नाही, सुधाकरभाऊ. तुमच्या घरी कुलूप हाय."

मी पेटी भिंतीशी सरकवली. मग म्हणालो, "वकीलसाहेब, ते कुलूप..."

त्यांनी हात वर केला. "आता नको. कोर्ट उठलं."

शोभा चहा घेऊन आली, पण त्यांनी घेतला नाही. दारात चपला घालताना वळून विचारलं, "निघू का?" मी हो म्हणेपर्यंत ते थांबले. मी मान हलवली. मग फाटक नीट लावून, रिकाम्या कॅरियरची सायकल हातानं ढकलत ते गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथं शिंकले, रुमाल काढला, आणि वळले.

त्यानंतर ते मला दिसले नाहीत. पावसाळ्यात गेले. त्यांच्या ऑफिसात आता झेरॉक्सचं दुकान आहे आणि चौकटीला शटर लावलंय.

पेटी माझ्या खाटेखाली आहे. दर दिवाळीला मी तिला बाहेरून तेलाचा हात फिरवतो. झाकण उघडलेलं नाही, ती माझी नाही. शोभा कधीकधी विचारते, एवढी वर्षं झाली, तो आता कसला येतो. मी म्हणतो, येईल. माझं वय झालंय, ऐकू कमी येतं, म्हणून दिवसा मी फाटकाकडं तोंड करूनच बसतो. बाहेरून कोणी "येऊ का" म्हटलं आणि मला ऐकू गेलं नाही, असं व्हायला नको.